गाडी चालवताना ‘हँड्स-फ्री’ कॉल : हात मोकळे असतात, लक्ष मोकळे असते का?

परळ-लालबाग भागात प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांना दिवसभरात जे फोन येतात, त्यातले निम्मे तरी चालत्या गाडीतून आलेले असतात. मागे हॉर्न वाजत असतात, इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. पेशंटचा मुलगा किंवा सून विचारते, “डॉक्टर, बाबांची सकाळची गोळी द्यायची राहिली, आता दिली तर चालेल का?” मी विचारतो, “तुम्ही गाडी चालवताय का?” उत्तर ठरलेले असते : “हो, पण ब्लूटूथवर आहे. हात मोकळे आहेत. बोला तुम्ही.”

काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही लगेच बोलत असे.

एकदा एका पेशंटच्या आईचा बायोप्सी रिपोर्ट आला. मुलाने सकाळपासून दोनदा विचारले होते, म्हणून मीच त्याला फोन लावला. तो गाडीत होता. “स्पीकरवर आहे डॉक्टर, काही प्रॉब्लेम नाही,” म्हणाला. मी जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगितले की गाठ साधी नाही, पुढच्या तपासण्या कराव्या लागतील. पलीकडे आधी शांतता, मग ब्रेकचा आवाज आणि काहीतरी आदळल्याचा आवाज. त्याची गाडी समोरच्या टॅक्सीवर जाऊन धडकली होती. सुदैवाने कोणाला मोठी इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ घेऊन तो दवाखान्यात आला आणि म्हणाला, “डॉक्टर, टॅक्सी मला दिसत होती. मी तिच्याकडेच बघत होतो. पण ती थांबली आहे, हे डोक्यात शिरलंच नाही.”

चूक माझीही होती. पहिला प्रश्न मी विचारायला हवा होता. तेव्हापासून माझा नियम आहे : समोरचा माणूस गाडी चालवत असेल तर मी औषध, रिपोर्ट, काहीही सांगत नाही. “गाडी बाजूला लावा आणि मग फोन करा,” एवढेच सांगून फोन ठेवतो. काही जणांना राग येतो. हा लेख त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी आहे.

हँड्स-फ्री किंवा व्हॉइस कमांड म्हणजे नेमके काय?

मोबाईल ब्लूटूथने गाडीच्या म्युझिक सिस्टिमला जोडलेला असतो. स्टिअरिंगवरचे बटण दाबून, किंवा ‘हे गूगल’, ‘हे सिरी’ म्हणून तुम्ही “आईला फोन लाव” असे सांगता. फोन लागतो, आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो आणि तुमचे बोलणे मायक्रोफोन उचलतो. फोन हातात घ्यावा लागत नाही, नंबर शोधायला मान खाली घालावी लागत नाही.

हा फायदा खरा आहे. फोन हातात धरून नंबर शोधणे किंवा मेसेज टाइप करणे याच्या तुलनेत डोळे रस्त्यावर राहतात आणि हात स्टिअरिंगवर राहतात. पण गाडी चालवायला तीन गोष्टी लागतात : डोळे, हात आणि लक्ष. व्हॉइस कमांड पहिल्या दोन वाचवते. तिसरी वाचवत नाही.

मेंदूत काय होते?

आपल्याला वाटते की आपण एका वेळी दोन कामे करतो. चालणे आणि बोलणे ही दोन कामे खरेच एकत्र होतात, कारण चालणे बरेचसे आपोआप होते. पण मुंबईतले ड्रायव्हिंग आपोआप होणारे काम नाही. दादरच्या खोदादाद सर्कलला बस कधी वळेल, हिंदमाताला दुचाकी कुठून आत घुसेल, केईएमसमोर हातात फाइल घेतलेले नातेवाईक कधी रस्ता ओलांडायला लागतील, याचा अंदाज मेंदूला दर सेकंदाला बांधावा लागतो. संभाषणालाही तेच लक्ष लागते : ऐकणे, समजणे, आठवणे, उत्तर जुळवणे. मेंदू मग दोन्हीकडे भराभर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २००८ साली एक प्रयोग झाला. लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून चित्रातली गाडी चालवायला दिली आणि त्याच वेळी काही वाक्ये ऐकवून ती खरी की खोटी हे ठरवायला सांगितले. फोन नव्हता, बोलायचेही नव्हते, फक्त ऐकायचे होते. तेवढ्यानेच गाडी चालवण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या पॅरायटल भागातील हालचाल ३७ टक्क्यांनी कमी झाली. गाडी रस्त्याच्या कडेला जाण्याच्या चुकाही वाढल्या.

माझ्या पेशंटच्या मुलाने जे सांगितले, त्याचेही नाव वैद्यकशास्त्रात आणि मानसशास्त्रात आहे : लक्ष नसल्यामुळे येणारे आंधळेपण. डोळे उघडे असतात, प्रतिमा पडद्यावर पडते, पण मेंदू तिची नोंद घेत नाही. घरात कोणी मोबाईलमध्ये गुंग असताना आपण समोरून जातो आणि नंतर ते विचारतात, “तू कधी आलीस?” अगदी तसेच. फरक एवढाच की घरात त्याची किंमत मोजावी लागत नाही.

अभ्यास काय सांगतात?

१९९७ साली कॅनडातील टोरांटो शहरात, मोबाईल असलेल्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या गेल्या. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चारपट आढळला. ज्यांचे फोन हँड्स-फ्री होते, त्यांना काही वेगळे संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांचा अभ्यास झाला. तिथेही धोका चारपटच निघाला, फोन हातात असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते : गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चारपट असतो आणि हँड्स-फ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही.

व्हॉइस कमांडबद्दलचा एक निष्कर्ष मला स्वतःला चकित करून गेला. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली वेगवेगळ्या गाड्यांमधल्या व्हॉइस सिस्टिम तपासल्या. आवाजाने फोन लावण्याचे किंवा गाणे बदलण्याचे काम संपल्यानंतरही चालकाचे लक्ष लगेच जागेवर येत नव्हते. सर्वांत किचकट सिस्टिममध्ये ते पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. वयाने मोठ्या चालकांना हा त्रास जास्त झाला.

२७ सेकंद म्हणजे किती? लालबागच्या गर्दीत गाडी ताशी २० किलोमीटरने चालली असेल, तर त्या वेळात ती १५० मीटर पुढे जाते. कोस्टल रोडच्या बोगद्यात ताशी ६० किलोमीटर वेग धरला, तर ४५० मीटर. तुम्ही फोन ‘संपवला’ असे समजता, आणि तेवढे अंतर अर्धवट लक्षाने पार करता.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणेही धोक्याचे का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो योग्य आहे. शेजारी बसलेली बायको किंवा मित्र रस्ता बघत असतो. समोर गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो, कधी “अरे, बाई मध्ये आली, सांभाळ” असेही सांगतो. म्हणजे तिथे डोळ्यांची आणखी एक जोडी असते. फोनवरच्या माणसाला समोर शाळा सुटली आहे हे दिसत नाही. तो बोलतच राहतो आणि आपण गप्प राहिलो तर “हॅलो, आवाज येतोय का?” असे विचारतो. रेडिओवरची गाणी बहुतेकांना फारशी त्रास देत नाहीत, कारण रेडिओ आपल्याकडे उत्तर मागत नाही.

बोलण्याचा विषयही महत्त्वाचा आहे. “दूध घेऊन ये” आणि “रिपोर्ट पॉझिटिव्ह आला” हे दोन फोन मेंदूसाठी सारखे नसतात. वाईट बातमीने ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, हात थरथरतात आणि लक्ष त्या एका वाक्यावर खिळून बसते. म्हणूनच पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांनी या बाबतीत इतरांपेक्षा जास्त जपायला हवे. टाटा हॉस्पिटल, केईएम, वाडिया यांच्या दिशेने गाडी चालवणारा माणूस बहुतेक वेळा आधीच रात्रभर जागलेला, उपाशी आणि काळजीत असतो. त्यात फोनची भर नको. आणि त्याच रस्त्यांवर पायी चालणारेही बहुतेक पेशंट किंवा त्यांचे नातेवाईकच असतात. कोणाच्या हाताला सलाईनची पट्टी असते, कोणी काठी घेऊन चाललेले असते. त्यांना पटकन बाजूला होता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे हे ‘धोकादायक ड्रायव्हिंग’मध्ये मोडते. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. रस्ता शोधण्यासाठी नकाशा वापरायला २०२० पासून नियमांत मुभा आहे, पण चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने. कायद्याचा भर ‘हातातल्या’ फोनवर आहे. त्यामुळे हँड्स-फ्रीवर बोललो तर पावती फाटणार नाही, असा अनेकांचा हिशेब असतो. पावती वाचली म्हणजे धोका वाचला असे होत नाही.

कोणी गाडी चालवताना एकही कॉल घेऊ नये?

खरे तर कोणीच नाही. पण खालील लोकांना मी स्पष्ट ‘नाही’ सांगतो.

• इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही : साखर उतरू लागली की घाम, थरथर, भूक, गोंधळ ही लक्षणे येतात. फोनवर बोलण्याच्या नादात ती लक्षात येत नाहीत. साखर ७० च्या खाली असेल तर गाडी सुरूच करू नका. गाडीत ग्लुकोज किंवा साखर ठेवा. साखर पूर्ववत झाल्यावरही साधारण पाऊण तास थांबा.

• झोप आणणारी औषधे घेणारे : सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, खोकल्याची काही औषधे, चिंतेवरच्या किंवा झोपेच्या गोळ्या यांनी प्रतिसाद मंदावतो. “मला झोप येत नाही” असे वाटले तरी मंदपणा असू शकतो. औषध घेऊन गाडी चालवावी की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा.

• कमी ऐकू येणारे : ज्यांना ऐकायला कष्ट पडतात, त्यांचे अधिक लक्ष फोनवरचे शब्द पकडण्यातच खर्च होते. इअरफोन कानात घालणे हा त्यावरचा उपाय नाही. त्याने मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा सायरन आणि हॉर्न ऐकू येत नाहीत.

• नवशिके आणि सत्तरीच्या आसपासचे चालक : पहिल्यांना अजून सराव नसतो, दुसऱ्यांना एका कामावरून दुसऱ्या कामावर यायला जास्त वेळ लागतो.

• दुचाकीस्वार : हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणारे रोज दिसतात. तो हँड्स-फ्री नव्हे. मान वाकडी होते, एका कानाने रस्ता ऐकू येत नाही आणि फोन निसटला की हात आपोआप तिकडे जातो.

वापरायचेच असेल तर

सगळेच कॉल टाळता येत नाहीत, हे मला कळते. घरी आजारी माणूस असेल तर फोन बंद करून बसणे शक्य नसते. म्हणून तयारी गाडी सुरू करण्याआधी करा.

१. ज्याला फोन करायचा आहे, तो निघण्यापूर्वी करून टाका. पत्ता नकाशात आधीच टाका.

२. घरातल्यांची नावे छोटी आणि वेगळी ठेवा. फोनमध्ये ‘राजू दादा’, ‘राजू मेकॅनिक’ आणि ‘राजू ऑफिस’ असे तिघे असतील तर सिस्टिम “कोणता राजू?” असे विचारत बसते आणि तुमचे काम लांबते. ‘आई’, ‘घर’, ‘अँब्युलन्स’ अशी नावे सोपी पडतात. गूगल असिस्टंटला मराठी समजते, त्यामुळे भाषा आधी लावून घ्या आणि उभ्या गाडीत घरचा नंबर लावून सराव करा.

३. आज्ञा एकदाच द्या. गणपतीत ढोल-ताशे वाजत असताना किंवा काच उघडी असताना फोनला तुमचे बोलणे कळणार नाही. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ओरडताना राग येतो आणि शेवटी माणूस फोन हातातच घेतो. एकदा लागला नाही तर सोडून द्या.

४. बोलून मेसेज लिहायचे टाळा. साध्या कॉलपेक्षा त्यात मेंदूवर जास्त ताण येतो, कारण वाक्य रचायचे, फोनने काय लिहिले ते ऐकायचे आणि चूक सुधारायची, अशी तीन कामे होतात.

५. आलेल्या कॉलला एकच वाक्य : “मी गाडीत आहे, थांबून फोन करतो.” त्यापुढचे संभाषण गाडी थांबल्यावर. फोनमधला ‘ड्रायव्हिंग’ मोड लावला तर हा निरोप आपोआपही जातो.

६. थांबायचे म्हणजे नीट थांबायचे. लालबागच्या उड्डाणपुलावर किंवा कोस्टल रोडवर कडेला गाडी उभी करणे हा दुसरा धोका आहे. खाली उतरा, गल्लीत किंवा पार्किंगमध्ये गाडी लावा, मग बोला. सिग्नलला थांबलेली गाडी म्हणजे थांबलेली गाडी नव्हे. सिग्नल सुटतो, पण डोके फोनमध्येच राहते.

घरच्यांसाठी

फोन करणाऱ्याची जबाबदारी अर्धी असते. पहिला प्रश्न “गाडी चालवतोयस का?” हाच असू द्या. उत्तर ‘हो’ आले तर “थांबलास की फोन कर” म्हणून ठेवून द्या, अगदी दोन मिनिटांचे काम असले तरी. वाईट बातमी चालत्या गाडीत कधीही देऊ नका.

घरात पेशंट असेल तर एक खूण ठरवून घ्या. एकदा रिंग वाजली तर घाई नाही. लागोपाठ दोनदा वाजली तर खरेच तातडीचे आहे, गाडी बाजूला घेऊन फोन करायचा. माझ्या काही पेशंटच्या घरी ही पद्धत सुरू आहे. गाडी चालवणाऱ्याचा जीव त्याने बराच शांत राहतो, कारण प्रत्येक रिंगला “बाबांना काही झाले का?” हा विचार मनात येत नाही.

व्हॉइस कमांड जीव वाचवते तेव्हा

एका वेळी मात्र ही सोय सोन्यासारखी आहे. गाडी चालवताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अचानक दम, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलताना जीभ जड होणे यांपैकी काही झाले तर :

• वेग कमी करा, इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे घ्या आणि थांबवा. चारही पार्किंग लाइट लावा, हँडब्रेक ओढा.

• हात थरथरत असतील तरी आवाजाने फोन लावता येतो. महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२. हे नंबर आधीच नावाने साठवून ठेवा. सराव म्हणून मात्र ते लावू नका.

• दरवाजाचे लॉक उघडा, म्हणजे मदतीला येणाऱ्याला आत येता येईल. जागेची खूण सांगा : कुठला नाका, कुठला पूल, समोर कोणते दुकान.

• “हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, स्वतःच जातो” असे करू नका. वाटेत शुद्ध गेली तर तुमच्यासोबत रस्त्यावरचेही सापडतात.

फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसणाऱ्या तातडीच्या माहितीत रक्तगट, आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरच्या एका माणसाचा नंबर भरून ठेवा. अपघात विभागातल्या डॉक्टरांचा मोठा वेळ त्याने वाचतो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

गाडी चालवताना डुलकी येणे, ओळखीचा रस्ता अचानक अनोळखी वाटणे, बाजूने येणारी वाहने उशिरा दिसणे, गाडीला वारंवार छोटे ओरखडे पडणे, ही लक्षणे फक्त ‘लक्ष नव्हते’ म्हणून सोडू नका. त्यामागे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, मोतीबिंदू किंवा काचबिंदू, साखरेचे चढउतार, औषधांचा परिणाम असू शकतो. छोट्या धडकेनंतर डोकेदुखी, उलटी, गुंगी किंवा पट्ट्याच्या जागी छातीत-पोटात वाढत जाणारी वेदना असेल तर त्याच दिवशी तपासून घ्या.

तो मुलगा अजूनही आईला घेऊन माझ्याकडे येतो. तिचे उपचार पार पडले, ती बरी आहे. तो फोन करतो तेव्हा पहिले वाक्य त्याचेच असते : “डॉक्टर, गाडी लावली आहे. आता बोला.” तुम्हीही मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन कराल, तेव्हा एवढेच करा. पाच मिनिटे उशिरा ऐकल्याने रिपोर्ट बदलत नाही.